क्लब फिटिंगच्या वेळी अंग सैल ठेवून नेहमीचाच स्विंग कसा करावा? सल्ला हवा आहे

यवतेश्वर (धागाकर्ता)

नमस्कार. मी साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त पुण्यात असताना गोल्फ शिकलो. आता साताऱ्यात परतलो असल्यामुळे एरवी गच्चीवर बांधलेल्या जाळीत सराव करतो आणि सवड मिळेल तेव्हा पुण्याला जाऊन खेळतो. माझ्याकडचा क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच एका नातेवाइकांनी वापरून दिलेला आहे. माझी उंची पाच फूट सहा इंच असल्याने हे क्लब मला लांब पडतात, असे बरोबर खेळणाऱ्यांचे मत पडल्यामुळे मी पुढील महिन्यात पुण्यात क्लब फिटिंगची, म्हणजे माझ्या मापाचे क्लब ठरवून घेण्याची, वेळ घेतली आहे.

माझी अडचण फिटिंगच्या तंत्राची नसून माझ्या स्वभावाची आहे. एकटा असताना किंवा ओळखीच्या मंडळींत माझा स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) संथ आणि बऱ्यापैकी एकसारखा असतो; परंतु पाठीशी कोणी अनोळखी माणूस उभा राहून पाहू लागला की मूठ आवळली जाते, खांदे वर चढतात आणि चेंडू उजवीकडे भरकटतो. फिटिंगमध्ये तर माणूसही पाहणार आणि यंत्रही मोजणार. अशा अवस्थेतल्या स्विंगवरून क्लब बनवून घेतले तर ते माझ्या घाबरलेल्या स्विंगला बसतील आणि मैदानावरच्या स्विंगला बसणार नाहीत, अशी धास्ती वाटते. ज्यांनी फिटिंग करून घेतले आहे त्यांनी तयारी कशी करावी, फिटरला आधी काय सांगावे आणि सगळे क्लब एकाच बैठकीत घ्यावेत की नाही, याबद्दल मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आयर्विनपूल

आपली धास्ती रास्त आहे. फिटर आपल्याला ओळखत नसतो. समोर जो स्विंग दिसतो तोच आपला, असे धरून तो चालतो. त्यामुळे चांगला स्विंग दाखवण्यापेक्षा नेहमीचा स्विंग दाखवणे महत्त्वाचे असते, त्यातल्या खोडीसकट. आपला चेंडू एरवी उजवीकडे जात असेल तर तो तिथेही उजवीकडे गेला पाहिजे.

माझ्या पाहण्यात माणसे दोन तऱ्हांनी बिघडतात. पहिली तऱ्हा पडद्यावरच्या वेगाला भुलण्याची. ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) ताशी ९० मैलांच्या आसपास फिरवणारा खेळाडू आकडा दिसू लागला की जीव खाऊन ९७-९८ पर्यंत नेतो. शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) कडकपणाचे सर्व कंपन्यांना लागू असे एकच प्रमाण नाही, तरी ढोबळ मानाने ९५ च्या पुढे स्टिफ (रेग्युलरपेक्षा कडक) शाफ्ट सुचवला जातो. म्हणजे या माणसाच्या हाती रेग्युलरऐवजी स्टिफ येतो, आणि मैदानावर तो पुन्हा नव्वदावर आला की चेंडू खालून जातो आणि उजवीकडे सुटतो. दुसरी तऱ्हा आपली, म्हणजे आवळून घेण्याची. हिचा परिणाम वेगापेक्षा लाय अँगलवर (दांडा जमिनीशी करतो त्या कोनावर) अधिक होतो, आणि तो सहज लक्षात येत नाही. अंग ताठले की चेंडूला भिडताना हात नेहमीपेक्षा वर राहतात, त्यामुळे क्लबचे पुढचे टोक जमिनीला आधी लागते. फिटर तळाला चिकटवलेल्या पट्टीवरची खूण पाहतो, किंवा चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढून तिचा क्लबच्या तोंडावर उमटलेला ठसा किती कलला आहे ते पाहतो, आणि लाय अधिक उभा करायला सांगतो. त्याचे काही चुकत नाही. परंतु पुढे मैदानावर आपण मोकळे झालात आणि हात मूळ जागी आले की तोच क्लब उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे नेऊ लागतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की फोनवरच फिटरला सांगून ठेवावे की अनोळखी माणसासमोर माझा स्विंग आवळला जातो, तेव्हा सुरुवातीचे चेंडू हिशेबात धरू नका आणि पडदा माझ्याकडे वळवू नका. चांगला फिटर याला हसत नाही. त्याच्याकडे येणाऱ्यांत निम्मे आपल्यासारखेच असतात (उरलेले पहिल्या तऱ्हेचे). लाँच मॉनिटर (फटका मोजणारे यंत्र) रडारवर चालणारा असो की कॅमेऱ्यावर, तो आकडे साठवून ठेवतो, त्यामुळे ते आपण तिथल्या तिथे पाहिले नाहीत तरी काहीही वाया जात नाही.

दुसरी सूचना अशी, की सुरुवात आपल्या जुन्याच क्लबने करावी. वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) अर्धे स्विंग, मग नेहमीचा सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब). हाताला त्या क्लबची सवय असल्यामुळे अंग लवकर सैल पडते, आणि तुलनेसाठी फिटरला आधारही मिळतो. जुन्या क्लबचे आकडे नसतील तर नवा किती सरस आहे हे ठरवायचे कशावरून? चेंडूही शक्य तर आपण खेळता तेच न्यावेत, कारण रेंजवरचे (सरावाच्या जागेतले) चेंडू बहुधा कमी अंतर जातात आणि त्यांची फिरकीही वेगळी असते.

उंचीबद्दल एक खुलासा. क्लबची लांबी केवळ उंचीवरून ठरत नाही. सरळ उभे राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात आणि शेवटी चेंडू तोंडाच्या मध्यावर लागतो की नाही यावरून निर्णय घेतात. आपले हात आखूड असतील तर आहे तीच लांबी आपल्याला योग्य ठरू शकेल, तेव्हा मित्रांचे मत मनात धरून जाऊ नये.

संगममाहुली

थोडे वेगळे मत मांडतो. स्विंग पक्का नसताना फिटिंगवर पैसे घालण्यापेक्षा आधी प्रशिक्षकाकडे काही महिने शिकावे. स्विंग बदलला की मापेही बदलतात.

मिरजेचा तंबोरा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि गोल्फ हौशीने खेळतो, त्यामुळे शरीरापुरते बोलतो. दवाखान्यात पाऊल टाकताच ज्यांचा रक्तदाब वाढतो असे कितीतरी लोक असतात. घरी मोजला तर तोच नेहमीच्या मर्यादेत असतो. म्हणून आम्ही माणसाला पाच मिनिटे शांत बसवतो, एकापेक्षा अधिक वेळा मोजतो आणि पहिल्या आकड्यावरून औषध सुरू करत नाही. फिटिंगलाही हाच न्याय लावावा. मोजले जाण्याची धास्ती हा आपला दोष नाही, ती सर्वांनाच असते; ती उतरायला वेळ द्यावा लागतो, एवढेच. तासाभराची वेळ मिळाली असेल तर तिच्या आधी अर्धा तास पोहोचावे.

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर आहे. खंबाटकीचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून, शहरातल्या वाहतुकीतून स्वतः गाडी चालवत गेलात तर उतरताना कंबर, मांडीमागचे स्नायू आणि खांदे आखडलेले असणारच. अशा अंगाने थेट ड्रायव्हर फिरवला तर जो ताठरपणा दिसेल त्याला मनाची भीती कारण आहे की गाडीची बैठक, हे फिटरलाच काय, आपल्यालाही सांगता येणार नाही. शक्य असल्यास गाडी दुसऱ्याने चालवावी, निदान शिरवळला उतरून पाय मोकळे करावेत. पोहोचल्यावर दहा मिनिटे चालावे, खांदे आणि कंबर गोल फिरवावी, छातीपाशी क्लब आडवा धरून धड दोन्ही बाजूंना वळवावे. ताणून एकाच स्थितीत बराच वेळ थांबण्याचे व्यायाम त्या वेळी टाळावेत. हालचालीचे व्यायाम अधिक उपयोगी पडतात. उपाशीपोटी जाऊ नये, आणि ज्यांना चहा-कॉफीने हाताला कंप सुटतो त्यांनी त्या सकाळी एकच कप घ्यावा.

श्वासाबद्दल लोक फार गुंतागुंतीचे सांगतात. मी एवढेच सांगेन की चेंडूमागे उभे राहून एक लांब उच्छ्वास सोडावा आणि तो संपता संपता चेंडूपाशी जावे. उच्छ्वास लांबवला की नाडी किंचित मंदावते आणि खांदे आपोआप खाली येतात. खांदे खाली आणायचे म्हणून ते मुद्दाम खाली दाबू नयेत, त्याने मान आखडते.

आयर्विनपूल

डॉक्टरांनी मुठीचा उल्लेख केला नाही, तो मी करतो. आवळून घेणाऱ्याची सुरुवात तिथूनच होते. दहापैकी चार इतक्या जोराने क्लब धरावा असे शिकवतात; आपण चार म्हणता तेव्हा ते प्रत्यक्षात सहा असते. यावर माझा उपाय असा, की चेंडूपाशी उभे राहिल्यावर क्लबचे डोके जमिनीवर टेकवून ठेवण्याऐवजी किंचित उचलून दोनदा हलकेच हलवावे. मूठ आवळलेली असेल तर डोक्याचे वजन जाणवतच नाही. ते जाणवू लागेपर्यंत स्विंग सुरू करू नये. फिटर ग्रिपची (क्लब धरायच्या आवरणाची) जाडी ठरवणार असतो, म्हणूनही हे महत्त्वाचे आहे. ग्रिप बारीक असली की हात ती नकळत अधिक आवळतात, त्यामुळे आपल्या आवळण्याचे एखादे कारण त्या जुन्या संचाच्या ग्रिपमध्येही दडलेले असू शकेल. ते तपासून घ्यावे.

संगममाहुली यांच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. अगदी नवख्या माणसाने थांबावे, हे बरोबर. परंतु धागाकर्ते स्वतःच सांगतात की त्यांचा स्विंग एकसारखा आहे, आणि क्लब खरोखरच लांब असतील तर त्या क्लबनी शिकताना शरीर लांबीशी जुळवून घेण्याच्या खोड्या लावून घेते, ज्या पुढे प्रशिक्षकालाच काढाव्या लागतात. मात्र एक पथ्य कडक पाळावे: फिटिंगच्या आदल्या आठवड्यात नवा धडा घेऊ नये आणि फिटिंग चालू असताना चेंडू सरळ जावा म्हणून स्विंग दुरुस्त करत बसू नये. तिथे दुरुस्त व्हायचा तो क्लब.

यवतेश्वर

सर्वांचे मनापासून आभार. आकडे पाहायचे नाहीत हे पटले, परंतु शेवटी निवड तर आकड्यांवरूनच करायची असते. फिटर म्हणाला की नवा सेव्हन आयर्न जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब जातो, तर त्या वेळी पुन्हा जोर लावण्याचा मोह कसा टाळावा? शिवाय ड्रायव्हर आणि आयर्न एकाच दिवशी घ्यावेत का?

आयर्विनपूल

पंधरा यार्डांचे ऐकताच पहिला प्रश्न लॉफ्टचा (क्लबच्या तोंडाच्या कलाचा) विचारावा. जुन्या संचातल्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४-३५ अंश असतो आणि आजच्या लांब पल्ल्याच्या संचांत तो ३० अंशांच्याही खाली असतो. म्हणजे तळावर सात लिहिलेले असले तरी आपण पूर्वीच्या हिशेबाने पाच नंबरचा क्लब मारत असता. हे एकदा समजले की जोर लावण्याची इच्छा बरीचशी आपोआप ओसरते. आयर्नच्या निवडीत मी लांबीपेक्षा चेंडू किती जवळजवळ पडतात आणि हवेतून जमिनीवर किती उभ्या कोनात उतरतात, हे पाहतो. सर्वांत उत्तम फटका कोणत्या क्लबने बसला, हे विचारू नका. सर्वांत वाईट फटका कोणत्या क्लबचा कमी वाईट होता, हे विचारा. आवळला जाणारा खेळाडू मैदानावरही कधीतरी आवळणारच, आणि त्या दिवशी त्याला सांभाळून घेणारा क्लब हवा.

बैठका मात्र दोनच घ्याव्यात. पन्नासेक चेंडूंनंतर हौशी खेळाडूचे पाय थकतात, वेग उतरतो आणि मॅटवर (सरावाच्या चटईवर) सतत मारून मनगटे दुखू लागतात. त्यानंतर हाती दिलेला प्रत्येक शाफ्ट जड वाटतो आणि हलका शाफ्ट उगाच आवडतो. आपल्याला दोनदा पुण्याला जाणे जमत नसेल तर सकाळी आयर्न घ्यावेत, जेवून दोन तास विश्रांती घ्यावी आणि मग ड्रायव्हर. मॅटबद्दल आणखी एक सांगतो: चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा दिसतो, म्हणून गवतावरून मारण्याची सोय असेल तर आयर्न तिथेच पाहावेत.

मिरजेचा तंबोरा

चष्मा असेल तर खेळताना वापरता तोच घालून जावे. दोन अंतरांच्या भिंगांचा चष्मा असला की मान वेगळ्या कोनात झुकते आणि उभे राहणेही बदलते. बूट आणि हातमोजाही नेहमीचाच असावा. नव्या बुटांचे उद्घाटन त्या दिवशी नको.

संगममाहुली

माझे मत थोडे मऊ करतो. फिटिंग कराच, पण खरेदीची मागणी त्याच दिवशी नोंदवू नका. आज विकत घ्यायचेच आहे हे ओझे डोक्यावर नसेल तर स्विंगही मोकळा होतो. फिटिंगचे शुल्क पुढे खरेदीतून वजा होते का आणि किती दिवसांपर्यंत, हे वेळ घेतानाच विचारून ठेवावे.

यवतेश्वर

आज फोन केला. पडदा बंद ठेवण्यास आणि सुरुवातीचे चेंडू न धरण्यास फिटर लगेच तयार झाले. दुपारची वेळ बदलून सकाळची घेतली आहे, आयर्न या वेळी आणि ड्रायव्हर नंतर. गाडी भाऊ चालवणार आहे. त्याला मात्र फिटिंग चालू असताना बाहेरच बसवणार आहे.

आयर्विनपूल

उत्तम. निघताना लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचे नाव व वजन आणि ग्रिपची जाडी, एवढे कागदावर लिहून घ्या. मागवलेला संच हाती येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात, आणि आल्यावर तो त्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय मैदानावर नेऊ नका.