शाईनवरून थेट ड्यूक ३९०? १४ महिन्यांचा अनुभव पुरेल का? (पुणे–सातारा वारी)

संगम_माहुली

नमस्कार मंडळी. वय २७, उंची पाच फूट दोन इंच. पुण्यात लॅब टेक्निशियन आहे, घर साताऱ्याजवळ. कॉलेजभर स्कूटी चालवली, गिअरची गाडी हातात येऊन आत्ता कुठे १४ महिने झालेत. होंडा शाईन १२५, बाबांचीच. देताना त्यांनी एकच अट घातली होती: अंधार पडायच्या आत खंबाटकी चढायची. ती अट मी किती वेळा मोडली ते इथे लिहिते, कारण बाबा मोबाईलवर फक्त पावसाचा अंदाज बघतात.

दर शनिवारी घरी जाते. खंबाटकीच्या चढाला शाईन दमते. पुढे दोन ट्रक एकमेकांना वीसच्या स्पीडने ओव्हरटेक करत असतात, मागून लक्झरीवाला हॉर्न सोडत नाही. मी रेस पिळते आणि ट्रकच्या मागच्या चाकाशेजारी अर्धा मिनिट नुसती लटकून राहते.

आता ऑफिसमधला एकजण त्याची २०२१ ची केटीएम ड्यूक ३९० विकतोय. १८ हजार किमी, दोन लाख दहा हजार म्हणतोय. पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. बसल्यावर फक्त चवडे टेकतात. दुसऱ्या गिअरला जरा रेस दिली तर पोटात गोळा आला, आणि हसूही. खरं सांगायचं तर घाटाचं कारण अर्धंच आहे.

एक गोष्ट अजून. जानेवारीत रात्री भुईंजजवळ उसाची ट्रॉली समोर आली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला, चाक लॉक झालं, गाडी आडवी व्हायला लागली. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबले. ३९० ला एबीएस आहे, चाक लॉक होत नाही, म्हणून पण ती बरी वाटते.

घेऊ का?

घाटवेडा

ताई, विचारलंत पिकअपचं आणि गोष्ट सांगितलीत ब्रेकची. ते आधी बघा.

हिशोब करू. ६० ला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद धरा, मग चांगला ब्रेक लागला तर अजून २० मीटर. म्हणजे ३७. ९० ला तोच सेकंद २५ मीटर खातो आणि ब्रेकिंगला ४५ लागतात. झाले ७०. वेग दीडपट, पण नुसतं ब्रेकिंगचंच अंतर सव्वादोनपट. डिपरच्या उजेडात ७० मीटर दिसतं का, तुम्हीच सांगा. आणि ३९० वर ९० हे ९० वाटतच नाही, शाईनवरच्या ५५ सारखं वाटतं. फसतो माणूस तो तिथे.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हे बरोबर. पण तो पुढचा ब्रेक तुमच्या वतीने दाबत नाही. आपल्याकडे सगळ्यांना लहानपणापासून सांगून ठेवलंय, ‘पुढचा दाबू नको, पडशील’. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं, थांबवायची ताकद तिथेच असते. झटका न देता, लिंबू पिळल्यासारखा दाबत न्यायचा. रिकामं मैदान गाठा आणि महिनाभर एवढंच करा, शाईनवरच.

रॉकेटराजा_०७

बुलेट घ्या. विषय संपला.

घाटवेडा

आला का हा!

नाशिकचा_नारिंगी

माझ्याकडे तीच गाडी आहे, चार वर्षं झाली. जीव आहे तिच्यावर, म्हणूनच लिहितो.

शाईनची ताकद साधारण साडेदहा बीएचपी, हिची ४३. वजन शाईनपेक्षा पन्नासेक किलो जास्त. पण हायवेवर ते वजन कळतच नाही, कळतं ते उतारावरच्या यू-टर्नला. अर्ध्या वळणात क्लच चुकला आणि जमिनीकडे पाय टाकला की तिथे जमीन नसते. मी पाच फूट नऊ, तरी दोनदा पाडली आहे. इंजिन हळू फिरताना (कमी आरपीएमला) ती धक्के देते, सिग्नलला मांड्या भाजून निघतात. नवले पुलाच्या गर्दीत रोज संध्याकाळी असाल तर ती मजा दहा मिनिटांत उतरेल.

खर्चाचं पण बघा. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा २०२२ चा दर शाईनच्या गटाला ७१४ रुपये, ३५० सीसीच्या वर २,८०४, वर जीएसटी. मागचा टायर १५०/६० चा, मला गेल्या वेळी सात हजारांच्या पुढे पडला. शाईनचं ॲव्हरेज विसरायचं.

तरी घ्यायचीच झाली तर गाडी पडलेली आहे का ते हँडलच्या टोकांवर, फूटरेस्टवर, इंजिनच्या कव्हरवर बघा. हँडल पूर्ण वळवून खालचा स्टॉपर चेपलाय का तेही बघा, तिथे रंग मारून लपवता येत नाही. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा असेल तर सील गेलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका, ऑफिसमधला असला तरी. ऑफिसमधला असला तर जास्तच.

लेस्टरवासी_कराडकर

इथलं सांगतो. आपल्याकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स एकदा मिळालं की १०० सीसी पण तेच आणि हजार सीसी पण तेच. ब्रिटनमध्ये पायऱ्या आहेत: १७ व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅट ताकदीपर्यंत, १९ ला ३५ किलोवॅटपर्यंत, त्यापुढची सगळी दोन वर्षांनी नाहीतर थेट २४ ला. गंमत अशी की ड्यूक ३९० मधल्या पायरीत आरामात बसते. म्हणजे १२५ नंतर ती घेणं इथे कोणाला वेडेपणा वाटणार नाही. पण आधी रस्त्याबाहेरच्या आवारात परीक्षा असते, त्यात ताशी ५० ला इमर्जन्सी स्टॉप आणि ५० लाच अडथळा चुकवून दाखवायचा. मी पहिल्यांदा नापास झालो होतो. कराडला आठ वर्षं गाडी हाणली होती, तरी!

त्यामुळे घाटवेडा म्हणतायत ते मैदान टाळू नका.

संगम_माहुली

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

गावाबाहेरच्या मैदानावर भाऊ पावलं मोजायला उभा राहिला. ४० वरून नुसता मागचा ब्रेक: २३ पावलं आणि चाकाची लांब रेघ. पुढचा-मागचा मिळून, तिसऱ्या रविवारी: १४. मधल्या रविवारी पुढचा झटक्यात दाबून एकदा पडले, आरसा गेला. एकशेऐंशी रुपये. ड्यूकचा आरसा असता तर काय, हा विचार तिथेच आला.

खंबाटकीचं कोडं तर लाज वाटावी असं निघालं. मी चढाला तिसऱ्या गिअरवरच ओढत होते. ट्रक दिसायच्या आधीच दुसरा पाडला तर शाईन ओरडते, पण जाते. नाही गेली तर मी ट्रकच्या मागेच राहते. घाट चार मिनिटं उशिरा संपला म्हणून घरचं कालवण काही गार होत नाही.

हंटर ३५० चालवून बघितली. सीट ७९० मिमी, दोन्ही पाय पूर्ण टेकले, पण १८१ किलो पार्किंगमधून मागे ढकलताना घाम फुटला. अपाची १६० ४व्ही बरी वाटली. पुढच्या चाकाला एबीएस आहे, उठतेही झकास, आणि ३५० सीसीच्या आतली म्हणून जीएसटी १८ टक्केच. दिवाळीपर्यंत पैसे साठले तर तीच. ड्यूकवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याच्या डेस्कवरून जाताना अजून किल्लीकडे नजर जाते, ते सोडा.

आणि हो, भावाने हा धागा घरी वाचून दाखवला. रात्री साडेनऊला बाबांचा फोन. अपाची नाही, मैदान नाही, आरसा नाही. पहिलाच प्रश्न:

“भुईंजची ट्रॉली कधीची गं?”