मदत हवी आहे: परसातल्या कोंबड्यांवरून शेजाऱ्यांशी वाद, आता विष घालण्याची धमकी (सातारा)

शाहूपुरी_परस

साताऱ्यात शाहूपुरीत स्वतःचा बंगला आहे, सोसायटी नाही. मागच्या परसात १४ कोंबड्या (गावरान आणि कावेरी) आणि २ कोंबडे आहेत. खुराडं ८ बाय ५ फुटांचं, वर पत्रा, पूर्वेच्या कंपाउंडला टेकून. भिंतीपलीकडे शेजारच्या काकांची झोपायची खोली येते. खाली लाकडाचा भुसा आहे, महिन्यातून एकदा बदलतो. पाणी पसरट भांड्यात असतं.

काकांच्या तक्रारी तीन: पहाटे साडेचारपासून आरवणं, पावसाळ्यातला वास आणि त्यांच्या स्वयंपाकघरात माश्या. आधी बोलण्यावर होतं. आता भिंतीवरून पाइपने खुराड्यावर पाणी मारतात आणि "एक दिवस औषध टाकून सगळ्या संपवतो" असं गल्लीत चारचौघांसमोर बोललेत. नगरपरिषदेत अर्जही दिलाय. एक कर्मचारी येऊन "काढून टाका" असं तोंडी सांगून गेले, कागद काही दिला नाही.

कोंबड्या ठेवायच्या आहेत, शेजारही तोडायचा नाही. कायद्याने ठेवता येतात का? वास आणि माश्यांचं नक्की काय करायचं? आणि धमकीचं?

कोयनाकाठ

ताई, आधी आरवण्याचं बघा. तीन तक्रारींत ही सगळ्यात खरी आणि सगळ्यात लवकर मिटणारी. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही. दोन्ही कोंबडे गेले तरी अंड्यांत एकाचाही फरक पडणार नाही, उलट निर्जीव अंडी उन्हाळ्यात जास्त टिकतात.

उजेड दिसला की कोंबडा आरवतो असं आपण धरून चालतो, पण तेवढंच खरं नाही. त्याच्या शरीरातलं घड्याळच त्याला पहाटेच्या बरंच आधी आरवायला लावतं. म्हणून गोणपाट लावून खुराडं काळोखं केलं तरी तो थांबत नाही, आवाज थोडा दबतो इतकंच. त्यात तुमच्याकडे दोन आहेत. एकाने सुरुवात केली की दुसरा उत्तर देतो आणि ते तासभर चालतं. आरवू नये म्हणून गळ्याला बांधायचे पट्टे ऑनलाइन मिळतात, ते अजिबात वापरू नका. कोंबडी घाम गाळत नाही, तोंड उघडून धापा टाकून अंग थंड करते. एप्रिल-मे महिन्यात गळा आवळलेला कोंबडा दुपारी मरतो.

पिल्लं हवी असतील तर खेड्यातून फलित अंडी आणा आणि खुडूक बसलेल्या कोंबडीखाली १० ते १२ ठेवा, २१ दिवसांत निघतात. त्यातले नर चार-पाच महिन्यांत आरवायला लागतात. कंठ फुटायच्या आत ते बाजूला काढायचे, हे आताच ठरवून ठेवा.

दुसरं, खुराडं त्या भिंतीवरून हलवा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं खुराडं पूर्वेच्या भिंतीला, काका त्याच्या पूर्वेला. म्हणजे सगळा वास थेट त्यांच्या खिडकीत. निदान १५ फूट आत घ्या, आणि त्यांच्या बाजूची भिंत जाळीची न ठेवता पत्र्याने बंद करा.

येरळाकाठ

वासाचं मूळ विष्ठा नाही, ओल आहे. एका मोठ्या कोंबडीची दिवसाची विष्ठा साधारण १०० ते १२० ग्रॅम, त्यातलं बहुतेक पाणी. तुमच्या १६ पक्ष्यांची रोज पावणेदोन किलोच्या आसपास. ती सुकत राहिली तर वास नावापुरता, ओली राहिली की अमोनिया सुटणार. भुशाची परीक्षा सोपी आहे. मूठभर भुसा उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. भुसभुशीत होऊन विखुरला तर ठीक. अगदीच धूळ उडाली तर जास्त कोरडा, मग पक्ष्यांना श्वासाचा त्रास.

ही परीक्षा खुराड्याच्या मधोमध करू नका, पाण्याच्या भांड्याखाली करा. सगळा घोळ तिथेच असतो. पसरट भांड्यात कोंबड्या पाय घालतात, सांडतात, आणि त्या दोन-तीन फुटांच्या गोल ओलीतच माशीच्या अळ्या वाढतात. ते भांडं काढून टाका. झाकणाची २० लिटरची बादली, खाली पीव्हीसी पाइप, त्याला ४ निपल (चोच लागली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या), इतकं १६ पक्ष्यांना पुरतं. निपल कोंबडीच्या डोक्यापेक्षा जरा वर, म्हणजे मान उंचावून प्यावं लागेल इतक्या उंचीवर. खाली ठेवलं की थेंब गळत राहतात. निपलखाली विटांचे तुकडे भरलेली उथळ पाटी ठेवा.

रात्री कोंबड्या दांडीवर बसतात तेव्हा निम्म्याच्या आसपास विष्ठा तिथेच पडते. दांडीखाली एक पत्रा किंवा जुना फ्लेक्स अंथरा, वर बोटभर कोरडा भुसा. रोज सकाळी खरवडून झाकणाच्या ड्रममध्ये टाका, प्रत्येक पाटीवर दोन-तीन पाट्या उसाचं पाचट किंवा वाळका पाला. पाचट कमी पडलं की ड्रमच वास मारायला लागतो, म्हणून ते आधी साठवून ठेवा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. ताजं झाडांना घालू नका, मुळं करपतात.

बाकीचा भुसा तीन-चार इंच जाड ठेवा आणि आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करा. "महिन्यातून एकदा" यातच माश्यांचं उत्तर आहे. उन्हाळ्यात घरमाशीचं अंड्यापासून माशी होईपर्यंतचं चक्र ७ ते १० दिवसांत पुरं होतं. महिनाभर ओला भुसा पडून राहिला तर त्यात तीन पिढ्या निघतात. आठवड्यात दोनदा ओला भाग काढला की अळीला माशी व्हायला वेळच मिळत नाही. फवारणी करून हे होत नाही, आणि खुराड्यात कीटकनाशक मारलं तर ते अंड्यांत उतरू शकतं.

पत्रा भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आला पाहिजे आणि जमीन बाहेरच्यापेक्षा फूटभर उंच, नाहीतर साताऱ्याच्या पावसात यातलं काहीच टिकणार नाही. वास भडकलाच तर चुना भुरभुरा.

पशुवैद्यक_मिरज

येरळाकाठ यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, चुना सोडून. ओल्या भुशावर चुना टाकला की अल्कता वाढते आणि विष्ठेतला अमोनिया एकदम मोकळा होतो. दोन दिवस वास आधीपेक्षा जास्त, आणि काका नेमके तेव्हाच कुणाला तरी बोलावून आणतील. चुलीच्या राखेचंही तेच. ओला भाग उचलून बाहेर काढा, कोरडा भुसा टाका. चुना रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या खुराड्याच्या जमिनीला आणि भिंतींना लावायला चांगला.

रात्री खाद्य उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवा. शेजाऱ्याकडे उंदीर दिसला की तोही तुमच्या नावावर जातो. एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य पुरतं, तासाभरात संपेल इतकंच सकाळ-संध्याकाळ घाला. जाळी अर्धा इंची वेल्डेड घ्या, मोठ्या भोकाच्या जाळीतून उंदराची पिल्लं सहज शिरतात. खाली फूटभर पुरा, मुंगूस उकरून येतं.

आता विषाचं. वरून काही टाकता येऊ नये म्हणून फिरायच्या जागेवरही जाळीचं छत करा. पक्षी बाहेर मोकळे सोडू नका. मोकळी कोंबडी त्यांच्या बागेत गेली आणि उकरलं तर तिथे चूक तुमची.

कोंबडी मेली की लगेच विष म्हणू नका. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली तरी भराभर मरतात. त्यात हिरवी हगवण, धाप, मान वाकडी होणं, आणि मर काही दिवस चालू राहते. विषात बहुतेक वेळा काही खाल्ल्यावर थोड्या तासांत चांगल्या खात्यापित्या कोंबड्या एकदम आडव्या होतात, लाळ गळते, झटके येतात. नुसत्या लक्षणांवरून मात्र कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, शवविच्छेदन लागतं. मेलेला पक्षी हातमोजे घालून दुहेरी प्लास्टिक पिशवीत, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, आतले अवयव तपासणीच्या कामाचे राहत नाहीत. पडलेले दाणे, भाकरीचा तुकडा, जे सापडेल ते वेगळ्या पिशवीत. वाचलेल्या कोंबड्यांची अंडी तोवर खाऊ नका, कुणाला देऊही नका.

लसीकरण राहिलं असेल तर आधी तेच करा. राणीखेतची लासोटा लस पिल्लाच्या वयाच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास, मग आठ आठवड्यांनंतर आरटूबी ही त्याच रोगाची दुसरी लस. लसीची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासच्या पाळणाऱ्यांनी एकत्र आणावी. नोंद वहीत ठेवा, तारखेसह. रोगराई पसरवता असा आरोप झाला तर ती वही दाखवता येते.

कोर्टाची_पायरी (सांगली)

कायद्याची बाजू. "कोंबड्या पाळायच्याच नाहीत" असा सरसकट कायदा महाराष्ट्रात नाही. परसातील कुक्कुटपालनाला पशुसंवर्धन विभाग स्वतः प्रोत्साहन देतो. पण शाहूपुरीत पूर्वी ग्रामपंचायत होती, २०२० च्या हद्दवाढीनंतर हा भाग सातारा नगरपरिषदेत आलाय. म्हणजे तुम्हाला आता महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ आणि त्याखालचे स्थानिक उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे नियम, बघावे लागतील. सांगली-मिरज-कुपवाडला महापालिकेचा कायदा वेगळा, गावात ग्रामपंचायतीचा वेगळा. तिथली उत्तरं इथे चालवू नका.

तोंडी "काढून टाका" याला आदेश म्हणत नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तीन गोष्टी मागा: कोंबड्या पाळण्याबाबत लागू असलेल्या उपविधीची प्रत, तुमच्याविरुद्ध आलेल्या अर्जाची प्रत, त्यावर झालेल्या पाहणीचा अहवाल. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उपविधीत परवाना सांगितला असेल तर आधी तो काढा, वाद नंतर.

काकांच्या हातात काय आहे तेही समजून घ्या. सार्वजनिक उपद्रव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवायचा सशर्त आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ ते हेच. पण त्यासाठी त्रास सार्वजनिक असावा लागतो. एकाच घराला होणारा त्रास दिवाणी कोर्टाचा विषय आहे. म्हणून बाकीच्या तीन-चार घरांशी आजच बोला. त्यांच्या सह्या काकांच्या अर्जावर आल्या तर प्रकरणाचं रूप बदलतं. आवाजाचंही तसंच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. साडेचारचा कोंबडा यात तुमच्या विरोधात जातो. कोयनाकाठ म्हणतात ते ऐका.

तुमच्या बाजूने: विष घालून प्राणी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. धमकी कलम ३५१ मध्ये येते. धमकीची तक्रार बहुधा अदखलपात्र म्हणून घेतील, तरी घेऊ द्या आणि नोंदीची प्रत मागून घ्या. पुढे खरंच काही झालं तर तोच कागद कामाला येतो. कॅमेरा लावलात तर तो तुमच्या खुराड्यावर रोखा. त्यांची खिडकी किंवा अंगण त्यात आलं तर तक्रार उलटेल.

वकिलाची नोटीस मात्र आधी नको. नोटीस गेली की बोलणं बंद होतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे दावा दाखल करण्याआधी समेटासाठी अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शाहूपुरी_परस

सगळ्यांचे मनापासून आभार. कोंबडे गावी पाठवते, निपलचं सामान आणते. दोन शंका राहिल्या. पोलिसांत आधी जाऊ की काकांशी आधी बोलू? आणि लेखी द्यायचं तर काय लिहू? त्यांना अपमान वाटता कामा नये.

कोर्टाची_पायरी (सांगली)

आधी काम, मग पत्र, मग गरज पडली तर पोलीस. फक्त विषाची धमकी पुन्हा दिली किंवा आवारात काही टाकलेलं सापडलं तर थांबू नका, त्याच दिवशी ठाण्यात जा. पत्र खुराडं हलवून, कोंबडे काढून झाल्यावरच द्या. "करणार आहे" असं लिहिलं तर ते आश्वासन होतं, "केलं आहे" लिहिलं तर पुरावा. माफी नको, आरोप नको, धमकीचा उल्लेखही त्यात नको. असं लिहा:

"आदरणीय काका, आपण सांगितलेल्या अडचणी लक्षात घेऊन पुढील बदल केले आहेत. दोन्ही कोंबडे दि. ___ रोजी येथून हलवले. खुराडे आपल्या भिंतीपासून ___ फूट आत घेतले व आपल्या बाजूने बंद केले. विष्ठा रोज काढून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवतो, भुसा आठवड्यातून दोनदा हलवतो. यानंतरही काही त्रास जाणवल्यास दिवस व वेळ कळवावी, म्हणजे लगेच बघता येईल. खुराड्यावर पाणी पडल्यास भुसा ओला होऊन वास वाढतो, तेवढे कृपया टाळावे."

शेवटचं वाक्य नक्की ठेवा. पाणी मारण्याची नोंदही होते आणि त्याचं कारणही कळतं. दोन प्रती काढा, दुसरीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. एक प्रत नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात आवक शिक्का मारून द्या, म्हणजे त्यांच्या फाइलमध्ये काकांच्या अर्जाशेजारी तुमचाही कागद लागेल.

कोयनाकाठ

पत्र नुसतं पोस्टाने नको, ताई. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर घेऊन स्वतः जा आणि हलवलेलं खुराडं बघायला त्यांना बोलवा. दुपारी चारच्या सुमारास बोलवा. सकाळी कोंबड्या अंडं घातल्यावर कोकलतात, तेव्हा नको. आणि त्या दिवशी मूठ दाबून बघायची परीक्षा आधी तुम्ही करा. गोळा झाला तर बोलावणं दोन दिवस पुढे ढकला.