सदाफुलीचा काढा की प्रयोगशाळेतला रेणू?

शाल्मली: काल रानवाटा यांनी लिहिलं, "ल्यूकेमियाला (रक्ताच्या कर्करोगाला) सदाफुलीचा काढा पुरे, नकली रेणू कशाला?" रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझ्या भाच्याला पाचव्या वर्षी एएलएल, म्हणजे मुलांत जास्त दिसणारा ल्यूकेमिया, झाला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध, मोजून. तोच तुमचा नकली रेणू! निसर्गातलं जसंच्या तसं चालत नाही. फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व पालकातलं. बॉस्टनला डॉक्टर सिडनी फार्बरने त्याच जातीची द्रव्यं ल्यूकेमियाच्या मुलांना दिली, तर आजार आणखी फोफावला. मग त्याच रेणूत फेरफार करून बनवलेलं अमिनोप्टेरिन दिलं, मेथोट्रेक्सेटचं सख्खं भावंड. पेशी त्याला फॉलिक समजून आत घेते आणि डीएनएची घडण अडते. १९४८ साली फार्बरने नोंदवलेल्या १६ मुलांपैकी १० जणांचा आजार मागे हटला. काही काळच, पण त्याआधी तेवढंही नव्हतं.

रानवाटा: ल्यूकेमियावरचं व्हिनक्रिस्टिन हे औषध सदाफुलीच्याच पानातलं, जसंच्या तसं. ते बरं विसरलात! आपलं झाड, पैसा परदेशी कंपन्यांचा.

रसायनवाला: सदाफुली मूळची मादागास्करची. चीड यायची तर यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञासाठी येऊ दे. अमिनोप्टेरिन लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीत त्यांच्या गटाने बनवलं. किती शाळांत त्यांचं नाव सांगतात?

गिरणगावकर: आणि ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स? १९२८ पासून मुंबईत गिरणीकामगार गरोदर बायकांचा पांडुरोग (रक्तक्षय) तिने तपासला, यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. अर्कातलं ते द्रव्य पुढे फॉलेट ठरलं, फॉलिक आम्लाच्याच कुळातलं.

रसायनवाला: रेणू तिने वेगळा केला नव्हता.

गिरणगावकर: रेणू, रेणू! रक्त कुणाचं तपासलं? माझी आजी गिरणीत राबली. त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत?

रसायनवाला: आवाज चढवू नका. सुरुवात मुंबईत झाली, मान्य. सुब्बारावांबद्दलचं मागे घेणार नाही.

शाल्मली: धागा कुठे नेलात! रानवाटा, व्हिनक्रिस्टिनचं तुमचं खरं, माझं वाक्य चुकलं. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो. काढ्यात किती उतरलं, कोण मोजणार? भाच्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाला घरच्यांनी आधी तीन आठवडे काढाच दिला होता. आणलं तेव्हा त्याला धाप लागली होती.

रानवाटा: वाचून वाईट वाटलं. "काढा पुरे" हे शब्द काढतो. पण वडील मधुमेहासाठी रोज सदाफुलीची पानं खातात, त्यांना गुण आहे. ते खोटं म्हणू नका.

शाल्मली: कॅनडात नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहासाठीच ही पानं तपासत होते. उंदरांची साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी घटल्या. वडिलांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, या आठवड्यात करून घ्या.