टँडेमवर मागे बसणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

चाकोरी:
आमच्या सायकल गटाच्या दिवाळी अंकासाठी पॅरा-सायकलिंगवर लेख लिहितेय. बी गटापाशी येऊन अडले. या गटात दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टी असलेले खेळाडू टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून मारायच्या सायकलवर उतरतात. पुढे डोळस सायकलपटू, त्याला पायलट म्हणतात. मागे खेळाडू, तो स्टोकर. मी दोन्ही शब्द तसेच ठेवले होते. संपादकांनी पायलट राहू दिला आणि स्टोकरचा सगळीकडे ‘सहप्रवासी’ केला. आता माझं वाक्य असं झालंय : ‘२०२१ मध्ये टोकियोत ईव्ह मॅकक्रिस्टल आणि तिची सहप्रवासी केटी-जॉर्ज डनलेव्ही यांनी टाइम ट्रायल आणि रोड रेस, दोन्हींत सुवर्ण जिंकलं.’ अहो, पॅरालिम्पिकची खेळाडू डनलेव्ही आहे! तिला एस्टीत शेजारी बसलेली बाई करून टाकलंय. शब्द सुचवा. अंक छपाईला जायचाय.

गिरगावकर:
एवढं काय त्यात? डबलसीट. अख्ख्या महाराष्ट्राला कळतं.

चाकोरी:
गिरगावकर, डबलसीट म्हणजे आयता बसलेला. टँडेमवर पुढची आणि मागची पायडलं साखळीने जोडलेली असतात, एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरलाच. हँडल पुढच्याच्या हातात, पण जोर दोघांचा. आणि पदक दोघांनाही मिळतं.

गिरगावकर:
आमच्या वेळी डबलसीटवाला आयता नसायचा. चढ आला की उतरून ढकलायचा.

म्हापशेकार:
तुमचं स्टोकरचं काय ते बघा, पण ‘पायलट’ला कुणीच हरकत कशी घेतली नाही? आमच्या गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. पिवळं मडगार्ड, बाजाराच्या तोंडाशी स्टँड. मागे बसतं ते भाडं. ‘पायलट करून आलो’ असं माझी आजी सर्रास म्हणायची. तुमचा लेख गोव्यात कुणी वाचला तर आंधळा माणूस पैसे देऊन शर्यतीला गेला असं वाटेल.

बालेवाडी_पहाटे:
आणि मुंबईत पायलट म्हणजे मंत्र्याच्या पुढे भोंगा वाजवत पळणारी पोलिसांची गाडी.

शुद्धमती:
इतके हाल कशाला? आपल्याकडे तयार जोडी आहे. पुढचा सारथी, मागचा रथी. आणि सारथी शब्दाचं मूळ पाहा : स-रथ, म्हणजे एकाच रथावर सोबत असणारा. त्यावरून सारथि. टँडेमसाठी याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत सापडणार नाही. उगाच परक्या शब्दांची हमाली करायची आपल्याला खोडच आहे.

गिरगावकर:
मला तर शाळेत सृ धातू सांगितला होता. सरणे, सरकणे, सारणे. गाडी पुढे सारतो तो सारथी.

शुद्धमती:
शाळेत बरंच काही सांगतात.

बालेवाडी_पहाटे:
सारथी मलाही पटत नाही. मी काही वर्षं दृष्टिहीन मित्रासोबत टँडेमवर पुढे बसतोय, स्पर्धा वगैरे नाही, रविवारची. कृष्ण शस्त्र न धरण्याच्या अटीवर रथावर होता. पुढच्याने टँडेमवर असली अट घातली तर सायकल खंबाटकीत उभी राहील. मी पण तितकीच मारतो. शिवाय तोंड सतत चालू ठेवावं लागतं : खड्डा, गतिरोधक, डावीकडे वळण, आता उठून मार. मागच्याला ब्रेकही नाही, गियरही नाही. तो पूर्ण विश्वासावर जोर लावतो. रथीला जे हवं ते रथी सारथ्याला सांगतो, इथे उलटं आहे.

शुद्धमती:
तरी मुख्य खेळाडू मागचाच ना? तुमच्या डनलेव्हीचंच घ्या. मी शोधून पाहिलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तिच्या पुढे मॅकक्रिस्टल नव्हती, लिंडा केली होती. टाइम ट्रायलचं सुवर्ण पुन्हा आलंच. सारथी बदलला, रथी कायम. म्हणून माझा शब्द बरोबर.

वैनगंगा:
नमस्कार. आमच्या भंडारा-गोंदियाकडे शंकरपटात बैलजोडी हाकणारा असतो त्याला धुरकरी म्हणतात. धुरेवर बसतो तो. सारथी पोथीत राहिला, धुरकरी अजून मातीत आहे. २०१४ च्या बंदीनंतर पट बंद पडले तेव्हाही शब्द गेला नाही, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तशी पुन्हा पत्रिकांवर धुरकऱ्यांची नावं छापून यायला लागली. पायलटला धुरकरी करा. ज्योती गडेरिया आमच्याच जिल्ह्याची आहे हे लेखात घेतलं का? पॅरिस पॅरालिम्पिकला भारतातून पहिल्यांदाच पॅरा-सायकलपटू गेले, आंध्रचा अर्शद शेख आणि आमची ज्योती.

चाकोरी:
घेतलंय हो, अर्धं पान आहे. पण ती सी २ मध्ये खेळते, एकटीच्या सायकलवर. सी मध्ये एक ते पाच असे वर्ग, आकडा जितका लहान तितकं अपंगत्व जास्त. तिथे शब्दाची अडचण नाही. धुरकरी छान आहे, पण मग मागचा कोण? बैल?

वैनगंगा:
हा हा. ते मी सुचवलं नाही.

गलबत:
उशिरा आलो. स्टोकर शब्दाचा मूळ अर्थ कुणी बघितलाच नाही का? वाफेच्या इंजिनात, बोटीच्या भट्टीत कोळसा मारतो तो स्टोकर. त्याला आपल्याकडे शब्द होता : आगवाला. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला घराघरांत होता. माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. खाली भट्टीपाशी आगवाले, त्यांच्यासोबत तेलवाले, वर डेकवर खलाशी, त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. आणि चाकावर उभा राहतो तो सुकाणी. म्हणजे तुमची जोडी आयती आहे : पुढचा सुकाणी, मागचा आगवाला. आगवाल्याला समुद्र दिसत नाही. बोट कुठे वळतेय ते त्याला ठाऊक नसतं, पण बोट चालते ती त्याच्या फावड्यावर. मुंबईच्या गोदीत उतरल्यावर आजोबा म्हणायचे, ‘विलायतेला जाऊन आलो, बघितली फक्त भट्टी.’ इंग्रजांनी टँडेमवरच्या माणसाला स्टोकर म्हटलं ते याच अर्थाने, मग आपण सहप्रवासी का म्हणायचं?

चाकोरी:
आगवाला! हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. संपादकांना आत्ताच पाठवते.

शुद्धमती:
‘वाला’ हिंदीतून आलेला आहे. आणि दिवाळी अंकात आगवाला वाचून लोक अग्निशमन दल समजतील.

गलबत:
टांगेवाला, भाजीवाला, दूधवाला हे सगळे हिंदीतले का? आणि सुकाणू कुठला आहे सांगू? अरबी. सुक्कान म्हणजे नाव वळवायचं साधन. तुमच्या अग्रलेखात रोज ‘देशाचं सुकाणू’ असतं, तेव्हा चालतं.

गिरगावकर:
टँडेम शब्द तांडेलवरून आला असेल का? एकापाठोपाठ एक, तांडा. मला बरेच दिवस ही शंका आहे.

बालेवाडी_पहाटे:
नाही हो. लॅटिन आहे. अर्थ ‘अखेरीस’. इंग्रजीत त्याला ‘ॲट लेंग्थ’ म्हणतात, म्हणून कुणा विनोदी माणसाने लांबीत एकापुढे एक जुंपलेल्या घोड्यांना ते नाव दिलं. आधी घोडागाडी, मग सायकल.

गिरगावकर:
तरी तांडा ऐकायला जवळचा वाटतो.

चाकखुर्ची:
वर ‘अपंगत्व’ वाचलं आणि बरं वाटलं. डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’पासून आम्ही रातोरात दिव्यांग झालो. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याण विभागही आहे. रॅम्प मात्र आहे तिथेच, म्हणजे नाही तिथे. मला अपंग म्हणा, काही वाटत नाही.

शुद्धमती:
असहमत. अपंग शब्दात ‘अप’ आहे, कमीपणा आहे. दिव्यांग म्हटल्याने निदान मान राहतो.

चाकखुर्ची:
पंगू या शब्दाला चिकटलेला तो ‘अ’ कुठला यावर स्वतंत्र धागा काढा. मान बस थांबली की मिळतो. मुद्द्याचं बोलायचं तर चाकोरीताई, तुमच्या लेखात टी गटाला काय लिहिलंय? ‘तीनचाकी’ लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. मराठीत तीनचाकी म्हणजे पंचायत समितीच्या शिबिरात वाटतात ती, हाताने दांडा फिरवायची. माझ्याकडे होती, तिची साखळी दर पावसाळ्यात अडकायची. टी गटातली ट्रायसिकल पायानेच मारतात. सेरेब्रल पाल्सीमुळे वगैरे ज्यांना दोन चाकांवर तोल राखणं जमत नाही त्यांच्यासाठी असते. हाताने चालवायची ती हँडसायकल, एच गट. तिलाही तीनच चाकं! एच १ ते ४ मध्ये खेळाडू पाठीवर जवळजवळ आडवा पडून हात फिरवतो, एच ५ मध्ये गुडघ्यांवर बसून. म्हणजे वाचकाच्या डोळ्यासमोर येणारी तीनचाकी टी ऐवजी एच मध्ये जाते, आणि तिथेही शोभत नाही. ॲलेक्स झनार्डीचे पाय २००१ मध्ये मोटार शर्यतीत गेले, २०१२ ला लंडन पॅरालिम्पिकमध्ये ब्रँड्स हॅचच्या मोटारींच्याच ट्रॅकवर त्याने हँडसायकलवर सुवर्ण घेतलं. त्याला तीनचाकीवाला म्हणून बघा कसं वाटतं.

चाकोरी:
‘तीनचाकी’च लिहिलंय. पायसायकल आणि हातसायकल करू?

म्हापशेकार:
पायसायकल म्हणजे साधी सायकलच की.

शुद्धमती:
त्रिचक्री.

चाकखुर्ची:
शुद्धमतीजी, ती चालवणाऱ्याला विचारून या.

चाकोरी:
संपादकांचं उत्तर आलं. आगवाला ‘जरा जड’ वाटतो म्हणे, विचार करतील. पण आता त्यांनी ट्रॅकवरच्या इंडिव्हिज्युअल पर्सूटचं ‘वैयक्तिक पाठलाग’ केलंय. ज्योतीने पॅरिसला ३००० मीटरची तीच शर्यत केली होती. ‘ज्योतीने वैयक्तिक पाठलाग केला’ असं वाक्य पोलीस तक्रारीत शोभेल.

बालेवाडी_पहाटे:
आणि अर्धवट आहे. त्यात दोघं ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी सुटतात. दोघंही एकमेकांच्या मागे आणि एकमेकांच्या पुढेही. पदकाच्या फेरीत एकाने दुसऱ्याला गाठलं की शर्यत तिथेच संपते.

वैनगंगा:
मग ही पाठशिवणी झाली ना!

गिरगावकर:
झकास. पाठशिवणीच.

शुद्धमती:
पॅरालिम्पिकच्या शर्यतीला पोरांच्या खेळाचं नाव? पोरखेळ करून ठेवाल सगळा.

वैनगंगा:
खो-खो पण पोरांचाच होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा विश्वचषक झाला.