अनुभव धागा: डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला कुणी काय शिकवलं?

शहापूरकर:
रद्दी काढताना बाबांची फाईल सापडली. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, पण पाठीमागं माझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: "तिरुगिसी = कुशीवर वळवा. नुंगी = गिळा. सावकाश = सावकाशच." सिस्टर हुक्केरीकडच्या, कानडी बोलायच्या; मराठी समजायचं पण बोलायच्या नाहीत. तिसऱ्या शब्दाला आम्ही दोघंही हसलो होतो.

लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात नळी. अकराव्या दिवशी सकाळी राऊंडला सांगितलं, आज घरी न्या. दुपारभर मी बिलाच्या खिडकीशी. चारला सिस्टरनी बोलावलं आणि दहा मिनिटांत सगळं उरकलं. डोकं उंच करून नळीतून द्या, नंतर अर्धा तास आडवं करू नका, दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवा. मी लिहून घेतलं. मलाच बोलावलं, कारण सही माझी आणि इंग्रजी मला येतं. आई तेव्हा बाहेर चादरी आणि तांब्या बांधत होती.

घरी आणल्यावर पाचव्या दिवशी मी पुण्याला परतलो. पुढचं सव्वा वर्ष सगळं आईनं केलं. त्या दहा मिनिटांना तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुमच्याकडं कसं झालं, लिहा.

खानापूरची सून:
कुकर लावून लिहितेय. सासूबाईंच्या वेळी विचारलं, घरी कमोड आहे का? आमचे हे म्हणाले, आहे. आहे ओ, पण परसात, आठ पायऱ्या उतरून! पहिल्या रात्री दोघांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून घेतली, खाली बादली. महिनाभरानं कमोडची खुर्ची विकत मिळते हे कळलं. शिट्टी झाली, येते नंतर.

निपाणीचा पाव्हणा:
आमचं कोल्हापुरात. डॉक्टर मराठी, सिस्टर मराठी, तरी काय कळलं न्हाई. भाषेचा प्रश्न न्हाई गा, घाईचा हाय. रक्त पातळ करायची गोळी एक महिना असं वाचलं आणि महिन्यानं बंद केली. खरं तर महिन्यानं परत दाखवायला या, असं होतं. गल्लीतल्या डॉक्टरनं धरलं म्हणून बरं. लै बोलणी खाल्ली.

चंदगडची ताई:
आत्याला बेळगावात ठेवलेलं. मी आणि वडगावची मावसबहीण आळीपाळीनं बसायचो. सिटी बसमध्ये तिला शून्याचं तिकीट, मला पैसे. शक्ती योजनेचा फुकट प्रवास म्हणे कर्नाटकातल्या बायकांनाच, आणि आमचं चंदगड महाराष्ट्रात. एकच बस, एकच पेशंट, एकच डबा 😄

निपाणीचा पाव्हणा:
डबा तिच्याकडं द्यायचा, तुम्ही चालत जायचं.

फिजिओ ताई:
दवाखान्यातूनच लिहितेय. एक गोष्ट सगळ्यांनी ऐका: उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांदा निखळतो, मग दुखण्यापायी माणूस व्यायामच करत नाही. निम्म्या घरांत हेच चाललेलं असतं, कारण दाखवलेलंच नसतं.

पण घरच्यांना शिकवलं की झालं, असंही समजू नका. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलांत लकव्याच्या १२५० पेशंटांची मोठी चाचणी झाली, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले. सहा महिन्यांनी मृत्यूत आणि परावलंबनात फरक दिसला नाही. म्हणजे आमचं काम तुमच्या गळ्यात घालून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. नळी, कूस, उचलणं मात्र शिकवायलाच हवं, आणि जो करणार आहे त्याला.

शहापूरकर:
शेवटचं वाक्य लागलं.

बापटगल्ली:
आमच्या आजोबांची गंमत सांगतो. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून जन्मभर एक नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत. लकव्यात वाचा गेली, घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिला शब्द फुटला: "ब्याड!" आज्जीनं पेज पुढं केली होती. नको म्हणायचं ते कानडीत! मराठी पंधरा दिवसांनी आली. घरात सगळे हसून रडले. डॉक्टर म्हणाले दोन भाषा येणाऱ्यांत असं होतं, कधी एक आधी येते. आजोबांना पुढं कुणी हे सांगितलं की उठून जायचे.

खानापूरची सून:
😂😂 आले परत. पेजेवरून आठवलं, नळी काढल्यावर सासूबाईंना पाण्याचा ठसका लागायचा पण नाचणीची आंबील नीट उतरायची. दाटसर करूचं बघा.

फिजिओ ताई:
दाट उतरतं, पातळ ठसकतं, होतं असं. पण प्रत्येकाचं वेगळं. गिळणं तपासून घेतल्याशिवाय तोंडातून काही देऊ नका, आंबीलही नाही.

चंदगडची ताई:
आत्या गेली गेल्या वर्षी. पण त्या महिन्यात आम्ही दोघी बहिणी जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो.

शहापूरकर:
🙏 रात्री आईला फोन केला. विचारलं, तुला नळीतून द्यायला कुणी शिकवलं? म्हणाली, शेजारच्या बेडवरच्या बाईनं. तिचा नवरा महिनाभर तिथंच होता. तू बिल भरायला गेलास की ती मला करून दाखवायची. नवव्या दिवसापासून मीच देत होते, तुला ठाऊकच नाही.

आणि मी तो कागद तिला भिंतीवर चिकटवून दिला होता.

बेळगावी पोरगा:
सॉरी, विषय सोडून. काकांना परवा सोडतायत, घरी खाली बसायचा संडास. खानापूरच्या वहिनी, ती कमोडची खुर्ची अजून आहे का?

खानापूरची सून:
आहे की ओ, माळ्यावर. रबरी बुडं दोन गेलीत, तेवढी नवी घाला. रविवारी या, मी घरीच असते. आणि येताना काकूंना घेऊन या, कशी बसवायची ते त्यांनाच दाखवते.