तांबड्या रश्श्याबरोबर वाइन: नियम पाळायचे की फाट्यावर मारायचे?

वाटणघाटण

नवशिक्याला वाइनचा पहिला धडा मिळतो तो ठरलेला: मटणाला लाल, माशाला पांढरी. माझं म्हणणं असं की मराठी ताटापुढे हा नियम खुशाल फाट्यावर मारावा. आपल्याकडे मटण की मासा हे बघून चालत नाही, वाटण बघावं लागतं.

तिकडे भाजलेल्या मांसाला मीठ, मिरी, फार तर एखादी रोजमेरीची काडी. आपल्या तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीळ आणि वर बोटभर तर्री. त्यावर शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों अशी दणकट लाल वाइन घेतली की द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून आलेलं टॅनिन, कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळणारं ते, तिखटाच्या सोबतीने आणखीच कडवट होतं. शिवाय मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल ही दोघं जिभेवरच्या एकाच चटका ओळखणाऱ्या यंत्रणेला डिवचतात. म्हणजे चौदा टक्क्यांची वाइन आगीत तेलच ओतते.

म्हणून नवख्याने सुरुवात शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनपासून करावी. नाशकात ती भरपूर बनते, किंचित गोडसर असते, अल्कोहोल बेताचं, आणि फ्रिजमधून काढून थंडगार प्यायची असते. तिखटाला गोडसर वाइन, आंबट पदार्थाला निदान तितकीच आंबट वाइन, आणि गोडाला पदार्थाहून गोड वाइन. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. बोला आता.

चकणाप्रेमी

साहेब, एवढं डोकं चालवायचं असतं तर आम्ही सीए झालो असतो.

मुळात आपलं ताट म्हणजे डावी-उजवी सगळी एकदम. लिंबू, मीठ, लोणचं, कोशिंबीर, भाजी, आमटी, वर पापड. एका घासात आंबट, दुसऱ्यात तिखट, तिसऱ्यात गोड. कुठल्या घासाला कुठली वाइन लावणार? हा प्रकार एकामागून एक पदार्थ येणाऱ्या जेवणासाठी आहे. उगाच आपल्याकडे आणून मिरवू नये. वाइन घ्या, खारे शेंगदाणे घ्या, संपलं.

वाटणघाटण

एकामागून एक वाढायची पद्धत तिथेही सनातन नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत बड्या मेजवान्यांत सगळे पदार्थ टेबलावर एकदमच मांडत. एकेक वाढण्याची पद्धत नंतर रुळली, आणि तिला आजही ‘रशियन पद्धत’ म्हणतात. भरल्या टेबलावर त्यांची वाइन चालत होती, तर आपल्या ताटाशीही जमेल.

आणि खारे शेंगदाणे ही जोडी तुम्ही नकळत बरोबरच लावलीत. मिठाने टॅनिनचा तुरटपणा कमी जाणवतो.

गंगापूर रोडकर

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करतो, म्हणून बोलायचा थोडा हक्क. वाटणघाटण यांचं वाटणाचं सूत्र मान्य, पण लाल वाइनला त्यांनी जे वाळीत टाकलंय ते अजिबात मान्य नाही.

लाल म्हणजे फक्त ओकच्या पिंपात मुरलेली शिराझ नव्हे. आपल्याकडे झिनफँडेल होते, अकलूजकडे सांजोव्हेजे हा इटालियन वाण लावलाय. त्यातल्या हलक्या बाटल्यांत टॅनिन कमी, आंबटपणा चांगला. टोमॅटो घातलेल्या रश्श्याशी सांजोव्हेजे छान जमते, कारण तिच्या मायदेशीही ती टोमॅटोबरोबरच खातात-पितात.

खरी गडबड तापमानाची आहे. लोक म्हणतात, लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यावी. अहो, ती रूम युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची! इथे मे महिन्यात किचन कट्ट्यावर ठेवलेली बाटली तिशीच्या पुढे असते. मग अल्कोहोल नाकात जातं आणि पाहुणे म्हणतात, ‘वाइन कडक आहे हो’. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, तीच बाटली वेगळी लागेल. माझ्यापुढे येणारे निम्मे लोक ‘मला लाल आवडत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना न आवडलेली असते ती गरम लाल.

नवखी

मग बांगड्याबरोबर हलकी थंड लाल चालेल का? घरी सगळ्यांना लालच हवी असते, रंगासाठी.

गंगापूर रोडकर

बांगड्याला नको. तिथे जुना नियम खरा ठरतो, पण कारण रंग नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी वाळवलेले स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले) वेगवेगळ्या वाइनमध्ये भिजवून दाखवलं की माशाची ती उग्र, हिवस चव येते वाइनमधल्या लोहामुळे. लाल वाइनमध्ये लोह सहसा जास्त असतं म्हणून बदनामी तिची. तेलकट माशात हे जास्त जाणवतं, म्हणजे बांगडा, तारली. सुरमई-पापलेटला थोडी सूट आहे. बांगडा तव्यावर, वर लिंबू, सोबत सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन. हीच बाटली कोथिंबीर वडीलाही काढा, हिरव्या वासाशी तिचं गोत्र जुळतं.

सोलकढी झिंदाबाद

माशाबरोबर प्यायचं पेय आमच्या पूर्वजांनी शोधून ठेवलंय. आमसुलाचा आंबटपणा, नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा, लसणीचा ठसका. तिखट निवतं, तोंड साफ होतं, सकाळी डोकंही दुखत नाही. तुमची सात-आठशेची बाटली यातलं काय करते ते सांगा.

वाटणघाटण

एवढं सगळं नाहीच करत. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात विरघळतं, त्यामुळे तिखट निववण्यात सोलकढीला तोड नाही. पण तो सामना लावतंय कोण? ताटात सोलकढी असेल तिथे मी बाटली उघडतच नाही.

म्हापशेकार

गोव्याकडून दोन शब्द. विंदालूचा पोर्तुगीज पूर्वज म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. इथे वाइनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली, वर मिरची आली. मूळ पदार्थातच वाइन होती, आणि तुम्ही शेजारी ठेवायची की नाही यावर भांडताय!

मात्र इथे दुकानात स्वस्तात मिळणारी गोड ‘पोर्ट’ विंदालूशी लावू नका. ती पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली पोर्ट नव्हे, नुसतं नाव. बेबिंका या आमच्या गोड पदार्थाबरोबर थोडीशी, ती चालते. विंदालूला मी तरी बिअर घेईन.

निफाडकर

तुमची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्याकडे बागा थॉम्पसन, सोनाकाच्या, खायच्या द्राक्षांच्या. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं, बाजारात कोणी हातात धरत नाही. वायनरीने उचललं तर उचललं. २००८-०९ च्या मंदीत उचललं नाही, तेव्हा लोकांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवून पुन्हा थॉम्पसन लावला. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, त्यावर राज्यभर गदारोळ झाला आणि तो बासनात गेला.

मुद्दा हा की ‘दारू’ म्हणून प्यायली तर लोक व्हिस्कीच घेणार, तिथे वाइनचा टिकाव लागत नाही. जेवणाबरोबर अर्धा पेला, अशी सवय लागली तरच या पिकाला भाव आहे. म्हणून वाटणघाटणांनी नियम सांगत राहावं. फक्त सोपे सांगा.

चकणाप्रेमी

शेतकरीदादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्या पिकाला भाव यावा म्हणून मी पिठल्याबरोबर शेनिन ब्लां प्यायची?

निफाडकर

पिठल्याबरोबर नको. ठेचा किती घेता त्यावर आहे.

नवखी

शनिवारी सहा जण जेवायला आहेत. साबुदाणा वडे, मग पांढरा रस्सा, सुकं मटण, शेवटी पुरणपोळी. दोनच बाटल्या परवडतात. कुठल्या?

वाटणघाटण

दोन्ही शेनिन ब्लां, एक साधी, एक लेट हार्वेस्ट. साधी वड्यांपासून सुक्या मटणापर्यंत पुरवायची. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तिखट बेताचं, तिथे ती खुलते. लेट हार्वेस्टची द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली असतात, ती पुरणपोळीला. पोळीबरोबर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन दिलीत तर लिंबूपाणी प्यायल्यासारखं तोंड कराल सगळे.

गंगापूर रोडकर

साफ असहमत. वड्यांच्या तेलाला बुडबुडे हवेत, म्हणून एक स्पार्कलिंग ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाइन घ्या, रश्श्यालाही तीच चालवा. दुसरी हलकी लाल, सुक्या मटणाला, फ्रिजमधून काढून. पुरणपोळीला तूप पुरे, वाइन कशाला? आणि ७५० मिलीच्या बाटलीत पाचच पेले होतात, तेव्हा सहा जणांना पेले भरून देऊ नका.

सोलकढी झिंदाबाद

साबुदाणा वड्याबरोबर वाइन. उपास मोडला की नाही, त्यावर वेगळा धागा काढा.

नवखी

लाल नाही घेतली तर सासरे हात लावणार नाहीत, आणि लेट हार्वेस्ट नाही घेतली तर सासूबाई. ब्रूट राहिली. वड्यांबरोबर चहा देते.