मदत हवी आहे: ऑर्केस्ट्रातली ही खर्जातली पितळी वाद्यं कोणती?

संगीत शिकलेलो नाही, नुसता कानसेन आहे. पितळी वाद्यांपैकी ट्रंपेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा एवढीच ओळखता येतात. हल्ली मैफलींचे व्हिडिओ बघताना तीन वाद्यांनी डोकं खाल्लंय. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णनावर भागवतो.

१. ब्रुकनरची सातवी सिंफनी. हॉर्नवाल्यांशेजारी चौघे जण पहिला भाग संपेपर्यंत हात बांधून बसलेले. दुसरा भाग सुरू होताच चौघांनी मांडीवरून लंबगोल, ट्यूबाच्या पिल्लासारखं काहीतरी उचललं. कर्णा वर, जरा तिरका. आवाज असा की अंगावर काटा आला.

२. व्हेर्दीचा 'ओतेल्लो'. ट्रॉम्बोनच्या रांगेत शेवटी एक धूड. चेलोसारखं खुंटीवर जमिनीला टेकवलेलं, कर्णा मात्र ट्रॉम्बोनसारखा सरळ पुढे. सरकती नळी नाही, वॉल्व्ह आहेत.

३. बर्लिओझची 'सिंफनी फँटास्टिक', जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवलेली. पितळी सॅक्सोफोनच वाटला, अंगावर बशीसारखी झाकणं. पण रीड (तोंडाशी बसवलेली वेताची पट्टी) दिसली नाही, माणूस ओठ दाबून फुंकत होता.

प्रतिसाद १
पहिलं युफोनियम, म्हणजे छोट्या ट्यूबासारखं वाद्य असणार. डोळे झाकून सांगतो.

प्रतिसाद २
डोळे उघडा! ब्रुकनरच्या सातव्यात चौघे एकदम म्हणजे वाग्नर ट्यूबा. नावात ट्यूबा असला तरी वाजवणारे हॉर्नवालेच, आणि माउथपीसही हॉर्नचंच, निमुळत्या नरसाळ्यासारखं. संगीतकार वाग्नरला 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेसाठी हॉर्न आणि ट्रॉम्बोन यांच्या मधला रंग हवा होता, त्यातून हे वाद्य आलं. 'रिंग' सलग चारही भागांत पहिल्यांदा झाली १८७६ साली, बायरॉइटला. चारांत दोन टेनर, दोन बास.

खात्री करायची तर वॉल्व्हवर कुठला हात आहे ते बघा. हॉर्नवाल्याला डाव्या हाताची सवय, म्हणून वाग्नर ट्यूबालाही वॉल्व्ह डावीकडे. युफोनियमवाला उजव्या हाताने वाजवतो.

अंगावर काटा येणारच. हा भाग लिहिताना वाग्नरचं आता काही खरं नाही हे ब्रुकनरच्या मनात होतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये तो गेल्याची बातमी आली, आणि शेवटाकडे हे चार आणि त्यांच्याखाली मोठा ट्यूबा जे वाजवतात ते त्याच्यासाठीच आहे. तेवढी दोन मिनिटं हेडफोन लावून पुन्हा ऐका.

प्रतिसाद ३
दुसरं चिंबासो. व्हेर्दीला ट्रॉम्बोनांखाली ट्रॉम्बोनच्याच जातीचा खर्ज हवा होता, ट्यूबाचा गोल, भरदार आवाज त्यात मिसळत नाही. हल्लीचं चिंबासो बहुधा ट्यूबावालाच वाजवतो, पण कर्णा पुढे असल्यामुळे सूर थेट अंगावर येतो. सिनेमांच्या पार्श्वसंगीतात खलनायक आला की जे गुरगुरतं, त्यात हे बरेचदा असतं. एक गोम आहे: व्हेर्दीच्या सुरुवातीच्या ऑपेरांत स्वरलेखनावर 'चिंबासो' लिहिलेलं असलं तरी तेव्हा ते हेच वाद्य नव्हतं.

तिसरं ऑफिक्लाइड, १८१७ च्या सुमाराचं फ्रेंच अपत्य. ग्रीकमध्ये नावाचा अर्थ चाव्यांचा साप. आधी त्या जागी सर्पंट नावाचं नागमोडी लाकडी वाद्य होतं, हा त्याचा पितळी वारस. तुमच्या बशा म्हणजे भोकांवरची झाकणं. सॅक्सोफोन वाटला यात गैर काही नाही, पण त्याचं पेटंट १८४६ चं, म्हणजे हे वयाने मोठं. पुढे ट्यूबाने त्याला घरी बसवलं. पाचव्या भागात घंटांमागोमाग 'दिएस इरे' या मृतांसाठीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेची धून येते, ती बसून नावाची लाकडी फुंकवाद्यं आणि ऑफिक्लाइड मिळून वाजवतात. ट्यूबावर ती गुळगुळीत होते, ऑफिक्लाइडवर जरा खरखरीत. मला खरखरीतच आवडते.

धागाकर्ता
कमाल आहात तुम्ही लोक! व्हिडिओ थांबवून पाहिला, चौघांचेही डावे हात वॉल्व्हवर.

जाता जाता अजून एक. मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन', राव्हेलने ऑर्केस्ट्रासाठी केलेलं. बैलगाडीच्या तुकड्यात ट्यूबावाल्याने मोठं वाद्य बाजूला ठेवून छोटं घेतलं. हेही वाग्नर ट्यूबा का?

प्रतिसाद २
नाही. 'बिद्वो'चा, म्हणजे त्या बैलगाडीच्या तुकड्याचा, तो एकल भाग फार वर चढतो, मोठ्या ट्यूबावर घाम फुटतो. राव्हेलने १९२२ साली लिहिलं तेव्हा फ्रान्समध्ये सहा वॉल्व्हचा छोटा ट्यूबा चालायचा, त्याच्यावर हे आरामात बसत असे. आता तो क्वचितच दिसतो. वॉल्व्ह किती होते?

धागाकर्ता
चार. तीन वर उजव्या हाताखाली, एक बाजूला डाव्या हाताशी.

प्रतिसाद १
युफोनियम!!! आता कोण डोळे झाकून बोलतंय?

प्रतिसाद २
हो, या वेळी युफोनियमच. घ्या.